जामखेडचे दोन दिवस

‘वर्क फ्रॉम होम’चा इतिहास सांगा म्हटलं की आम्ही सॉफ्टवेअरवाले मार्च २०२० पासून सुरुवात करतो. कुणी जरा जास्त वाचलेला असेल तर तो जॅक निलेसचं नाव घेतो. निलेस हा अमेरिकन इंजिनिअर. १९७३ साली, म्हणजे तेलसंकटाच्या वर्षी, लॉस एंजलिसमध्ये बसून त्याने ‘टेलिकम्युटिंग’ हा शब्द काढला. माणसाला रोज कामापर्यंत नेण्यापेक्षा काम माणसापर्यंत न्यावं, असं त्याचं म्हणणं. पेट्रोल वाचेल, रस्ते मोकळे होतील. संध्याकाळी हिंजवडीहून रावेतला गाडीने येणाऱ्या कुणालाही हे पटायला वेळ लागणार नाही!

पण काम माणसापर्यंत गेलं तरी सहकारी जात नाहीत, ते मागेच राहतात. दूर एकट्याने काम करणाऱ्याचं कुठेतरी अडतं, त्याचा अंदाज चुकतो, त्याच्यावर कुणी ओरडतं, आणि बाजूच्या खुर्चीवर विचारायला कुणी नसतं. अशा माणसाला सहकाऱ्यांची साथ कशी मिळवून द्यायची? या प्रश्नाची मला माहीत असलेली सगळ्यात चांगली उकल त्याच सुमारास आपल्या जामखेडला झाली. आमच्या रावेतपासून ते गाव दोनशे किलोमीटरच्या थोडं पुढे. तिथे कॉम्प्युटर नव्हता. ज्यांना साथ हवी होती त्या बायकांपैकी बहुतेकींना लिहिता-वाचताही येत नव्हतं.

आता ही गोष्ट सुरुवातीपासून सांगतो.

डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे हे नवरा-बायको. दोघंही वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचे. साठच्या दशकात त्यांनी नगर जिल्ह्यातल्या (२०२४ पासून अहिल्यानगर) वडाळ्याच्या मिशन हॉस्पिटलात काम केलं. तिथे एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली. खाटेवर बरं केलेलं मूल पुन्हा त्याच घरात, त्याच पाण्याकडे आणि त्याच उपासमारीकडे परत जातं, आणि काही महिन्यांनी पुन्हा दारात येतं. किंवा येतच नाही. मग दोघं अमेरिकेत गेले, जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य शिकले आणि १९७० साली जामखेडला येऊन त्यांनी काम सुरू केलं. जनावरांचा जुना दवाखाना हीच त्यांची पहिली जागा.

जामखेड म्हणजे कायमचा दुष्काळी मुलूख. १९७१ च्या आकड्यांप्रमाणे त्या गावांत जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी १७६ बाळं पहिला वाढदिवस बघत नव्हती. म्हणजे जवळपास सहातलं एक. हा आकडा नुसता वाचून पुढे जाऊ नका. पुढे बैठका, भेटी, चिठ्ठ्या असलं बरंच येणार आहे, ते सगळं कशासाठी चाललं होतं हे त्यातून कळतं.

आरोळ्यांनी पहिल्यांदा जे केलं ते आपण कुणीही केलं असतं. शिकलेल्या नर्सबाई, म्हणजे सरकारी भाषेतल्या एएनएम, त्यांनी गावागावांत राहायला पाठवल्या. कागदावर योजना अगदी बरोबर होती. माणूस प्रशिक्षित, पगार ठरलेला, कामांची यादी हातात. पण ती तरुण, बाहेरून आलेली मुलगी गावात एकटी पडायची. रात्री दाराला कडी लावून भीत बसायची. गावाला ती परकी आणि तिला गाव परकं. तिने सांगितलेलं बायका ऐकून घ्यायच्या आणि करायचं तेच करायच्या. जामखेडचा दवाखाना काही मैलांवर, पण अडल्या क्षणी त्याचा उपयोग शून्य.

आपल्या धंद्यात अशा वेळी काय होतं ते आपल्याला माहीत आहे. रोजचा अहवाल सुरू होतो, एक नवीन तक्ता भरायला येतो, वर एखादा सुपरवायझर नेमला जातो. जामखेडला तसं झालं नाही. गावच्या पुढाऱ्यांशी बोलता बोलता वेगळीच सूचना पुढे आली, की बाहेरची बाई आणण्यापेक्षा गावातलीच एक का नाही शिकवत? गावाने निवडून द्यावी, आपल्यातली, पोक्त, चार बायका जिचं ऐकतील अशी. अशा निवडल्या गेलेल्यांत दलित बायका होत्या, विधवा होत्या, नवऱ्याने टाकलेल्याही होत्या. ‘ग्राम आरोग्य सेविका’ ती हीच.

ही गोष्ट सांगताना लोक बहुतेक वेळा इथेच थांबतात. ‘स्थानिक माणूस निवडा’ हे तात्पर्य काढतात आणि निघून जातात. पण नुसतं स्थानिक असून भागलं नसतं, असं मला वाटतं. नर्सबाईकडे व्यवसाय होता आणि गाव नव्हतं. या बाईकडे गाव होतं आणि व्यवसाय नव्हता. आपल्या गावात हे काम करणारी ती एकटीच! बाळंतपण अडलं, मूल तापाने फणफणलं, सासू म्हणाली “तू कालपर्यंत शेण काढत होतीस, आज मला शिकवतेस?”, तर ही कुणाकडे बघणार?

म्हणून आरोळ्यांनी दोन दिवसांची व्यवस्था केली. सुरुवातीच्या वर्षांत या सगळ्या बायका दर आठवड्याला जामखेडला यायच्या आणि दोन दिवस राहायच्या. पुन्हा वाचा: दर आठवड्याला, दोन दिवस. आपल्याकडे ‘ट्रेनिंग’ म्हणजे नोकरी लागताना एकदा, आणि नंतर वर्षातून एखादा दिवस हॉटेलात जेवणासकट. इथे ते कामाचाच भाग होतं, आणि संपतच नव्हतं. एका वेळी थोडं शिकायचं, गावात जाऊन करून बघायचं, पुढच्या आठवड्यात येऊन काय झालं ते सांगायचं. लिहिता येत नाही म्हणून गाणी रचायची, चित्रं वापरायची, एकमेकींना म्हणून दाखवायची.

आणि राहायचं म्हणजे एकत्र राहायचं. एकत्र स्वयंपाक, एकत्र जेवण, एकत्र झोपणं. १९७० च्या दशकातल्या नगर जिल्ह्यात मराठा बाई आणि दलित बाई एका पंगतीला बसणं ही काही किरकोळ गोष्ट नव्हती. सुरुवातीला ते जड गेलंच. पण ज्या बाईच्या हातचं पाणी तुम्ही पीत नाही तिला तुम्ही “माझं अडलंय गं, सांग ना” असं तरी कसं म्हणणार? साथ मागायची तर आधी बरोबरीचं नातं लागतं. जामखेडला त्याची सुरुवात स्वयंपाकघरापासून झाली.

या दोन दिवसांत नेमकं काय मिळायचं ते एका उदाहरणाने सांगतो (उदाहरण माझं, पण समजूत त्या काळची खरी). मुलाला जुलाब झाले की त्याचं पाणी तोडायचं, अशी जुनी समजूत. सेविकेला दवाखान्यात शिकवलं की उलट करा, मीठ-साखरेचं पाणी पाजा. ती गावात गेली आणि आजीने नातवाला पाणी देऊ दिलं नाही. आता डॉक्टरला विचारलं तर तो शरीरातलं पाणी कमी होण्याचं शास्त्र पुन्हा समजावणार. ते तिला माहीतच आहे. तिला हवं आहे ते दुसऱ्या गावच्या बाईकडे: “आमच्याकडची म्हातारी पण अशीच अडून बसली होती. मी वाद घातला नाही. तिला घेऊन परसात गेले आणि पाण्यावाचून सुकलेलं रोप दाखवलं.” हे ज्ञान कुठल्याही पुस्तकात नसतं. ते तेच काम करणाऱ्या, त्याच पायरीवर उभ्या असलेल्या माणसाकडे असतं. आणि त्याच्याबरोबर आणखी एक गोष्ट मिळते. अडलेली मी एकटीच नाही, हे कळतं. माझ्या मते ते उत्तरापेक्षाही महत्त्वाचं आहे. ज्याला वाटतं की बाकी सगळ्यांना सगळं येतं, तो कधी विचारतच नाही.

दुसरी व्यवस्था फिरत्या पथकाची. नर्स, समाजकार्यकर्ता, कधी डॉक्टर, असे गाडी घेऊन गावोगाव जायचे. हे पथक तपासणीला जायचं का? तेही होतंच. पण मुख्य काम सेविकेला गावासमोर उभं करण्याचं. डॉक्टर तिच्याबरोबर घरोघरी जाणार, तिने पाहून ठेवलेले रुग्ण बघणार, “यांनी सांगितलं ते बरोबर आहे” असं सगळ्यांदेखत म्हणणार. शेण काढणारी बाई आणि डॉक्टर एका बाजेवर बसून बोलताहेत, हे गावाने बघितलं की पुढच्या आठवड्यात सासूचा सूर बदलतो. आपल्याकडे बरोबर उलटं चालतं. दूरच्या माणसाने दिवसभर राबून अडचण शोधायची आणि मीटिंगमध्ये ती मुख्य हापिसातल्या कुणीतरी आपल्या नावावर सांगायची!

तिसरी व्यवस्था पाठवणीची. जे हिच्या आवाक्याबाहेरचं, ते जामखेडच्या दवाखान्यात पाठवायचं, आणि तिथे तिने पाठवलेल्या माणसाला दाद मिळायची. ऐकायला साधं वाटतं, पण ज्याच्या शब्दाला मागे वजन आहे त्यालाच पुढे लोक विचारतात. चौथी म्हणजे जुन्या सेविकांनी नव्यांना शिकवायचं. त्यामुळे काही वर्षांत शिकवण्याचा बराच भार डॉक्टरांच्या खांद्यावरून उतरला.

निकाल? १९७६ पर्यंत १७६ चा आकडा ५२ वर आला आणि १९९३ मध्ये १९ वर. याचं सगळं श्रेय त्या दोन दिवसांना देणं चूक ठरेल. १९७२ च्या दुष्काळात विंधनविहिरी झाल्या, मुलांच्या जेवणाची सोय झाली, लसीकरण झालं, शेतकरी मंडळं आणि महिला मंडळं उभी राहिली. पण ही सगळी कामं गावात रोजच्या रोज पुढे रेटणारी बाई टिकली नसती तर ती किती टिकली असती? जगानेही दखल घेतली. १९७५ साली जागतिक आरोग्य संघटनेने अशा कामांवर जे पुस्तक काढलं त्यात जामखेडवर प्रकरण आहे. १९७८ मध्ये अल्मा-अता इथे प्राथमिक आरोग्याचा जाहीरनामा झाला आणि १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

१९८८ साली वॉशिंग्टनमधल्या एका आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषदेत मुक्ताबाई पोळ या सेविका बोलल्या. सभागृहातल्या झुंबरांकडे बोट दाखवून त्यांनी सांगितलं, की डॉक्टर या झुंबरांसारखे, देखणे पण महागडे आणि हाताला न लागणारे. मग स्वतःजवळची साधी वातीची दिवली काढली आणि म्हणाल्या, की ही स्वस्त आहे, आणि हिच्यावरून दुसरी लावता येते. हे नेहमी आरोग्यशिक्षणाबद्दलचं बोलणं म्हणून सांगतात. मला त्यात ते जामखेडचे दोन दिवस दिसतात. बायका तिथे एकमेकींवरून आपली वात लावून घेत होत्या.

आता याच्या उलट काय होतं तेही इतिहासात नोंदलेलं आहे. २ ऑक्टोबर १९७७ ला केंद्र सरकारने देशभर अशीच योजना सुरू केली. दर हजार लोकवस्तीमागे एक आरोग्य कार्यकर्ता, तीन महिन्यांचं प्रशिक्षण, नंतर महिना ५० रुपये मानधन. कल्पना जामखेडसारख्या प्रयोगांचीच. पण निवडले गेले ते बहुतांश पुरुष, आणि मुख्य म्हणजे तीन महिने संपले की माणूस गावात एकटा. औषधं वेळेवर नाहीत, प्राथमिक आरोग्य केंद्राला त्याचं सोयरसुतक नाही, आणि शेजारच्या गावच्या आपल्यासारख्याला भेटण्याची काही सोय नाही. योजनेची नावं बदलत गेली आणि हळूहळू ती विरून गेली. योजनेची नक्कल सोपी असते, आठवड्याच्या वेळापत्रकाची अवघड. कारण वेळापत्रकाला पैसे लागतात, गाडी लागते, आणि ‘हे लोक दोन दिवस नुसते गप्पा मारतात’ असं म्हणणाऱ्या साहेबाला तोंड द्यावं लागतं.

गडचिरोलीत डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांच्या ‘सर्च’ने नव्वदच्या दशकात ३९ गावांत आरोग्यदूतांमार्फत घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली. तिथेही शिकवून सोडून दिलं नाही. दर पंधरा दिवसांनी कुणीतरी गावात जाऊन आरोग्यदूताबरोबर बसायचं, बाळ बघायचं, नोंदी पडताळायच्या. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलेला निष्कर्ष असा, की नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. पुढे २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात ‘आशा’ आल्या, आणि त्यांना साथ द्यायला महाराष्ट्रात गटप्रवर्तक. म्हणजे निदान एवढं तरी सरकारने मान्य केलं, की दूरच्या माणसाला साथ देणं हे एक स्वतंत्र काम आहे आणि त्यासाठी माणूस लागतो. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देशभरच्या आशांचा गौरव केला. त्याच आशांना आणि गटप्रवर्तकांना मानधनासाठी २०२१ मध्ये संप करावा लागला होता आणि २०२३ मध्ये पुन्हा करावा लागला. टाळ्या वाजवणं स्वस्त पडतं, एवढंच म्हणतो.

कुणी म्हणेल, बाळंतपणं आणि आरोग्यसेविका कुठे, आमचा कोड कुठे! तर घ्या एक यंत्रांचं उदाहरण. अमेरिकेत झेरॉक्सचे तंत्रज्ञ ग्राहकांच्या हापिसात जाऊन कॉपी मशीन दुरुस्त करायचे. प्रत्येक जण एकटा, सोबत कंपनीची जाडजूड पुस्तिका. ज्युलियन ओर नावाचा मानववंशशास्त्रज्ञ ऐंशीच्या दशकात त्यांच्याबरोबर फिरला. त्याला दिसलं की पुस्तिकेत नसलेला बिघाड हे लोक नाश्त्याच्या टेबलावर सोडवतात. ‘मला परवा एक मशीन भेटलं’ अशी गोष्ट एक जण सुरू करतो, दुसरा त्यात भर घालतो. कंपनीच्या दृष्टीने हा वाया गेलेला वेळ. ओरच्या दृष्टीने हेच काम. पुढे नव्वदच्या दशकात झेरॉक्सने तंत्रज्ञांनी एकमेकांना सांगितलेल्या युक्त्या साठवणारी ‘युरेका’ नावाची प्रणालीच उभी केली. नगर जिल्ह्यातली बाई आणि कॅलिफोर्नियातला मेकॅनिक, दोघांची गरज एकच निघाली.

आणि आमची तरी काय वेगळी? आमच्या या पट्ट्यात आधीच्या पिढीने आकुर्डी-चिंचवड-पिंपरीच्या कारखान्यांत नोकऱ्या केल्या. तिथे साथ कुणी मुद्दाम पुरवली नव्हती, ती जागेतच होती. शेजारच्या मशीनवर जुना माणूस, पाळी बदलताना दहा मिनिटं, कॅन्टीनचं टेबल, कंपनीची बस. नवीन पोराने जॉब बिघडवला तर साहेब यायच्या आत कुणीतरी “हे असं धर” म्हणून दाखवायचा. २०२० आणि २०२१ मध्ये कॉलेजातून निघून थेट घरच्या लॅपटॉपवर नोकरीला लागलेल्या मुलांना यातलं काहीच मिळालं नाही. रावेतच्या उंच इमारतींत अशी किती मुलं असतील! आजूबाजूला शेकडो फ्लॅट, पण त्याचं काम काय आहे हे शेजाऱ्याला ठाऊक नाही. जामखेडच्या सेविकेला निदान गाव तरी होतं.

यावर आमचा इलाज म्हणजे सकाळचा पंधरा मिनिटांचा स्टँड-अप. काल काय केलं, आज काय करणार, काही अडलंय का? शेवटच्या प्रश्नाला बहुतेक जण “नाही” म्हणतात, कारण मॅनेजर ऐकत असतो. ही हजेरी झाली. तिचीही गरज असते, पण तिला साथ म्हणू नये. चॅटवरच्या भल्यामोठ्या ग्रुपचंही तेच. दोनशे माणसांसमोर अडाणी प्रश्न विचारायची हिंमत नव्या पोराला कुठून येणार?

जामखेडहून आपल्याला उचलता येण्यासारखं बरंच आहे. सात दिवसांतले दोन दिवस कुणी देणार नाही हे मान्य. पण चाळीस तासांतला एक तास? एकाच पायरीवरच्या सहा-सात जणांचा, साहेब नसलेला, दर आठवड्याचा, आणि काम वाढलं म्हणून रद्द न होणारा. त्यात प्रगती सांगायची नाही, कुठे अडलं ते सांगायचं, आणि सुरुवात सगळ्यात जुन्या माणसाने करायची. वरच्याने अधूनमधून दूरच्या माणसाबरोबर त्याच्या कामावर बसायचं, आणि ग्राहकासमोर त्याचं काम त्याच्याच तोंडून सांगू द्यायचं. त्याने ‘हे माझ्या आवाक्याबाहेरचं आहे’ म्हणून वर पाठवलेली अडचण त्याच दिवशी कुणीतरी हातात घ्यायची. नवीन आलेल्याला कालच शिकलेल्याने शिकवायचं. यातल्या एकाही गोष्टीला सॉफ्टवेअर विकत घ्यावं लागत नाही. लागतो तो वेळ, आणि तो कामाचा वेळ म्हणून धरायची तयारी.

मेबल आरोळे १९९९ मध्ये गेल्या, रजनीकांत आरोळे २०११ मध्ये. जामखेडचं काम त्यांच्या पुढच्या पिढीने चालू ठेवलं. जगभरचे डॉक्टर आणि कार्यकर्ते तिथे शिकायला येत आले आहेत, आणि त्यांना शिकवणाऱ्यांत या सेविकाही असतात. असो. सोमवारी तुमच्या टीममधल्या सगळ्यात नव्या, सगळ्यात लांबच्या माणसाला एक फोन करून बघा. “काम कुठवर आलं?” हे मात्र विचारू नका.